विश्लेषण : ‘विंडोज १०’चे अपडेट थांबले, घरातल्या जुन्या संगणकाचे आता काय करायचे?

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यानंतरही या प्रणालीवरचे संगणक नेहमीसारखेच सुरू होतात, इंटरनेट चालते, प्रिंट निघते. काहीही बंद पडलेले नाही, म्हणून अनेक घरांत या बदलाची दखलही घेतली गेलेली नाही. मात्र याच संगणकावर आपण प्राप्तिकर विवरणपत्र भरतो, बँकेचे व्यवहार करतो, मुलांचे प्रवेश अर्ज आणि कुटुंबाची छायाचित्रे ठेवतो. ‘चालणारा’ संगणक आणि ‘सुरक्षित’ संगणक यांतला फरक काय, आणि तो भरून कसा काढायचा, याविषयी…

नेमके काय थांबले?

‘विंडोज १०’ बाजारात आली २९ जुलै २०१५ रोजी. त्यानंतर दहा वर्षे मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी (अमेरिकी वेळेनुसार) तिच्यातील सुरक्षा त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट मोफत पाठवत होती. संगणक बंद करताना ‘अपडेट होत आहे, संगणक बंद करू नका’ असा जो संदेश दिसायचा आणि आपण वैतागायचो, तीच ही दुरुस्ती. आता ती आपोआप आणि मोफत येत नाही. तांत्रिक मदतही थांबली. प्रणाली मात्र काढून घेतलेली नाही. ती हवी तितकी वर्षे वापरता येईल, पण तिच्यात पुढे सापडणाऱ्या त्रुटी तशाच उघड्या राहतील.

अपडेट न मिळाल्याने बिघडते काय?

कोणतीही संगणक प्रणाली कोट्यवधी ओळींच्या आज्ञावलीची असते. तिच्यात चुका राहतातच. त्यांतल्या काही चुका अशा असतात की त्यांचा फायदा घेऊन बाहेरचा माणूस तुमच्या परवानगीशिवाय संगणकात शिरू शकतो. कंपनीला चूक कळली की ती दुरुस्ती पाठवते. सायबर चोर ही दुरुस्तीच तपासतात. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून पाहिली की चूक कुठे होती ते कळते.

आता यात एक नवा पेच आहे. ‘विंडोज १०’ आणि ‘विंडोज ११’ या प्रणालींचा बराचसा गाभा समान आहे. त्यामुळे ‘विंडोज ११’साठी दर महिन्याला येणारी दुरुस्ती ही चोरांसाठी ‘विंडोज १०’मधील उघड्या दारांची यादी ठरू शकते. नव्या प्रणालीतले दार बंद होते, जुन्यातले उघडेच राहते. म्हणजे हा धोका एका दिवसात येत नाही, तो महिन्यागणिक साठत जातो.

अँटिव्हायरस आहे, मग चिंता कशाला?

हा सर्वात सामान्य गैरसमज. ‘विंडोज १०’मध्ये असलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असे कंपनीने सांगितले आहे. पुण्याच्या क्विक हीलसह इतर कंपन्यांचे सशुल्क अँटिव्हायरसही बाजारात आहेत. पण अँटिव्हायरस आणि सुरक्षा अपडेट यांची कामे वेगळी आहेत.

सोसायटीच्या वॉचमनकडे चोरांच्या छायाचित्रांची यादी आहे असे समजा. यादीतला चोर आला की तो अडवेल. पण मागच्या दाराची कडीच मोडलेली असेल आणि नवखा चोर तिथून शिरला, तर वॉचमनचा दोष नाही. कडी बसवणे हे सुरक्षा अपडेटचे काम आहे. वॉचमन ठेवला म्हणून मोडकी कडी चालवून घेता येत नाही, आणि कडी भक्कम आहे म्हणून वॉचमनला घरी पाठवता येत नाही.

एक सूचना : एकाच संगणकात दोन अँटिव्हायरस टाकल्याने सुरक्षा दुप्पट होत नाही. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो. दुसरा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर सहसा स्वतःहून मागे सरकतो. पण त्या अँटिव्हायरसची मुदत संपली आणि नूतनीकरण केले नाही, तर नेमके संरक्षण कोणाचे सुरू आहे हे ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये जाऊन पाहणे आवश्यक.

याआधी असे काही घडले आहे का?

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. फाइली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी दिसू लागली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेला त्याचा मोठा फटका बसला. इंग्लंडमधील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय ट्रस्टचे काम विस्कळीत झाले, हजारो रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या.

यातली खरी गोष्ट तारखांमध्ये आहे. ज्या त्रुटीतून वॉनाक्राय शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळपास दोन महिने आधीच दिली होती. बाधित संगणकांपैकी बहुतांश ‘विंडोज ७’वर होते. त्या प्रणालीला तेव्हा अपडेट मिळत होते, फक्त ते घेतले गेले नव्हते. ‘विंडोज एक्सपी’चे अपडेट तर ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबले होते. प्रसंग इतका गंभीर होता की हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टला त्या जुन्या प्रणालीसाठीही तातडीची दुरुस्ती द्यावी लागली.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ पसरला. तोही त्याच त्रुटीचा उपयोग करत होता. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्याशी संलग्न असलेल्या, आपल्या न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरातल्या टर्मिनलचे कामही खोळंबले. दुरुस्ती उपलब्ध असूनही हे घडले. आता ‘विंडोज १०’च्या लाखो घरगुती वापरकर्त्यांकडे ती दुरुस्ती आपोआप येणारच नाही, हा फरक लक्षात घ्यायला हवा.

आजचा स्पायवेअर नेमके काय चोरतो?

पूर्वीचा व्हायरस संगणक बंद पाडायचा, त्यामुळे तो आल्याचे कळायचे. आजच्या स्पायवेअरला तुमचा संगणक उत्तम चालायला हवा असतो. त्यातील ‘इन्फोस्टीलर’ नावाचा प्रकार सध्या सर्वाधिक उपद्रवी आहे. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि ‘कुकीज’ उचलतो, डेस्कटॉपवरच्या कागदपत्रांच्या फाइली चाळतो आणि हे सारे काही मिनिटांत बाहेर पाठवतो. अनेकदा काम झाल्यावर स्वतःलाच पुसून टाकतो.

यातल्या कुकीज विशेष धोकादायक. आपण ई-मेल एकदा उघडला की दर वेळी पासवर्ड द्यावा लागत नाही, कारण ‘हा माणूस आधीच आत आलेला आहे’ अशी चिठ्ठी ब्राउझरकडे असते. ती चिठ्ठीच चोरली गेली, तर चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही. ई-मेल हाती लागला की ‘पासवर्ड विसरलो’ म्हणत इतर खात्यांपर्यंत पोहोचणे सोपे होते.

हा धंदा किती मोठा आहे? ‘लुम्मा’ या एकाच इन्फोस्टीलरने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक बाधित केल्याचे मायक्रोसॉफ्टला आढळले. मे २०२५ मध्ये कंपनी आणि अमेरिका, युरोप, जपानमधील तपास यंत्रणांनी मिळून त्याचे जाळे तोडले. विशेष म्हणजे ‘लुम्मा’ भाड्याने मिळत असे. म्हणजे चोराला संगणकतज्ज्ञ असण्याचीही गरज नव्हती.

हा स्पायवेअर घरात शिरतो कसा?

सर्वच वेळी तो प्रणालीतील त्रुटीतून शिरत नाही. अनेकदा आपणच त्याला दार उघडतो. त्याचे तीन मार्ग आपल्याकडे विशेष आढळतात.

पहिला, फुकटचे ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर. संगणक जुळवून देणारा अनेकदा बनावट विंडोज टाकून देतो आणि ती ‘ॲक्टिव्हेट’ करणारा छोटा प्रोग्रामही. असे प्रोग्राम चालवण्याआधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. त्यानंतर काय आत आले, हे तपासणारे कोणीच उरत नाही. घरगुती वापरकर्त्यांना छळणारा ‘स्टॉप’ हा खंडणीखोर व्हायरस प्रामुख्याने अशाच क्रॅकमधून पसरला. महागडे गेम, छायाचित्रे व व्हिडीओ संपादनाचे प्रोग्राम फुकट मिळवण्याच्या नादात मुलांकडून हे सहज घडते.

दुसरा मार्ग तुलनेने नवा. एखादे संकेतस्थळ उघडताच ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असा चौकोन येतो. त्यावर टिचकी मारली की पुढची सूचना : विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि ‘व्ही’, मग एंटर. यात टिचकी मारतानाच एक घातक आज्ञा गुपचूप कॉपी झालेली असते आणि या तीन कळांनी ती आपणच चालवतो. नियम सोपा आहे. माणूस असल्याची खात्री करून घेण्यासाठी कोणतेही खरे संकेतस्थळ अशा कळा दाबायला सांगत नाही. सूचना दिसली की खिडकी बंद करा.

तिसरा, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा पडदाभर संदेश, सोबत कर्कश आवाज. फोन केला की समोरचा गोड बोलून संगणकाचा ताबा देणारे ॲप टाकायला लावतो. अशा बनावट ‘टेक सपोर्ट’ कॉल सेंटरविरोधात सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशभर छापे टाकले होते. मायक्रोसॉफ्ट किंवा कोणतीही कंपनी पडद्यावर फोन क्रमांक देऊन बोलावत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा व ब्राउझर बंद करा. तेही जमले नाही तर संगणक सरळ बंद करावा.

जुन्या संगणकासाठी पर्याय कोणते?

आधी आपला संगणक कोणत्या प्रणालीवर आहे ते पाहा. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट या क्रमाने गेल्यास ते दिसते. ‘विंडोज १०’ असेल तर चार वाटा आहेत.

पहिली, ‘विंडोज ११’. पात्र संगणकावर आणि अधिकृत विंडोज असल्यास हा बदल मोफत आहे. अट अशी की प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेचा वा त्यानंतरचा हवा आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप हवी. म्हणजे साधारण २०१७-१८ पूर्वीचे बहुतेक संगणक बाद होतात. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप यात अडकण्याची शक्यता मोठी. मात्र लगेच निराश होऊ नका. अनेक संगणकांत टीपीएम असते, पण बंद ठेवलेले असते. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप नेमकी कोणती अट अपुरी आहे ते सांगते.

दुसरी, मुदतवाढ. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ ही योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. तिच्यासाठी संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्यास पैसे लागत नाहीत. अन्यथा कंपनीचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर (अथवा स्थानिक चलनातील तेवढी रक्कम) द्यावे लागतात. प्रणाली ‘२२एच२’ या शेवटच्या आवृत्तीवर असणे आणि मायक्रोसॉफ्ट खाते असणे गरजेचे. सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. एक नोंदणी दहा संगणकांपर्यंत चालते आणि उशिरा नोंदणी केली तरी मधल्या काळातील अपडेट मिळतात. अर्थात ही सवड आहे, कायमचा उपाय नव्हे.

तिसरी, लिनक्स. ‘लिनक्स मिंट’ किंवा ‘उबुंटू’ मोफत आहेत, जुन्या संगणकावर चालतात आणि नियमित अपडेट मिळवतात. इंटरनेट, ई-मेल, यूट्यूब, पत्रलेखन एवढाच वापर असेल तर हा उत्तम मार्ग. युनिकोड मराठीही त्यात लिहिता येते. पण घरात टॅलीचे हिशेब, विंडोजसाठी घेतलेली श्रीलिपीसारखी टंकप्रणाली किंवा डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल वापरात असेल, तर आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. काहीही न पुसता तशी चाचणी घेता येते.

चौथी, इंटरनेट तोडणे. संगणक फक्त जुन्या फाइली पाहण्यासाठी किंवा टंकलेखनासाठी वापरायचा असेल, तर त्याचे वायफाय कायमचे बंद ठेवावे. मात्र बँक आणि सरकारी कामे त्यावर करू नयेत, आणि दुसरीकडचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नये.

घरात किमान काय करावे?

प्रणाली कोणतीही असो, पाच सवयी पुरेशा उपयोगी ठरतात. एक, विंडोज आणि ब्राउझर दोन्हींचे अपडेट स्वयंचलित ठेवा आणि ‘रिस्टार्ट’ टाळू नका, कारण अनेक दुरुस्त्या त्यानंतरच लागू होतात. दोन, रोजच्या कामासाठी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नसलेले साधे खाते वापरा, मुलांसाठी वेगळे काढा. त्यामुळे नवा प्रोग्राम बसताना मोठ्यांचा पासवर्ड विचारला जातो. तीन, बँक आणि ई-मेलचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका, दोन्हींचा पासवर्ड एकच ठेवू नका. चार, महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर घ्या आणि प्रत झाल्यावर डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. पाच, वायफाय राउटरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदला.

संशय आला तर काय?

सर्वप्रथम इंटरनेट बंद करा. पासवर्ड बदलायचे ते त्या संगणकावरून नव्हे, फोनवरून. आधी ई-मेलचा, मग बँकेचा. त्याच वेळी ई-मेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा, म्हणजे चोरलेली चिठ्ठी निरुपयोगी होते. त्यानंतर डिफेंडरचे ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर व्हायरस काढणारी मोफत साधने उपलब्ध आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेले हे केंद्र ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय यंत्रणा चालवते. इन्फोस्टीलरची शंका पक्की असेल तर फाइली वाचवून विंडोज नव्याने टाकणे सर्वात खात्रीचे.

पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

ही सारी जबाबदारी ग्राहकाचीच का?

हा प्रश्न युरोपात विचारला गेला. तेथील ग्राहक संघटनांच्या दबावानंतर मायक्रोसॉफ्टने युरोपीय आर्थिक क्षेत्रातील वापरकर्त्यांना बॅकअपची अट न घालता वर्षभराची मुदतवाढ मोफत दिली. भारतातील वापरकर्त्याला मात्र बॅकअप, पॉइंट किंवा पैसे यांतून निवड करावी लागते. युरोपीय संघाचा ‘सायबर रेझिलियन्स ॲक्ट’ डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातील मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील आणि डिजिटल उत्पादनांना साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा अपडेट देणे उत्पादकांवर बंधनकारक होईल.

भारतात असे बंधन घालणारा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे दुकानात लॅपटॉप घेताना आपण रॅम आणि किंमत विचारतो, पण ‘याला अपडेट किती वर्षे मिळणार’ हे विचारत नाही आणि विक्रेताही सांगत नाही. सेकंडहँड लॅपटॉप घेताना तर हाच प्रश्न पहिला असायला हवा. स्वस्तात मिळालेला लॅपटॉप ‘विंडोज ११’ला पात्र नसेल, तर तो स्वस्त का आहे याचे उत्तर तिथेच मिळते.